चालू गाडीतला चहा

उकंडरावने व्हॅन बहिणीच्या दारात उभी केली, गिअर काढला आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. मागे भरलेली स्टीलची भांडी थरथर वाजत होती. निर्मलाबाई चहाचा पेला घेऊन बाहेर आलीच. कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला की ती चहा गाळायला घ्यायची, भावाचा खोळंबा नको म्हणून.

"घे, गरम हाय," तिने पेला खिडकीतून आत दिला. "गाडी बंद करू नको बाबा. मागच्यावाणी व्हईल."

मागे एकदा व्हॅन इथेच बंद पडली होती आणि ढकलायला अर्धी गल्ली गोळा करावी लागली होती. सेल्फ गेलेला, बॅटरी धरत नव्हती, क्लचप्लेट झिजून झिजून कागद झालेली. तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी जवळा बाजार गावी भांडी विकायला जाताना तो वाट वाकडी करून शिरड शहापूरला यायचा आणि चालू गाडीत बसूनच अक्काला भेटायचा.

आता तसं काही राहिलं नव्हतं. हिंगोलीच्या मिस्त्रीने सगळं नवं बसवून दिलं होतं. पण हे तो बहिणीपाशी बोलला नव्हता. बोलला असता तर उतरून आत जावं लागलं असतं. आत गेलं की दाजी गेल्याची रात्र पहिल्यापासून सुरू व्हायची, मग पुण्याचा लेक, मग त्याचा न येणारा फोन, मग दुखणारा गुडघा. उकंडराव काही वाईट माणूस नव्हता. बहिणीचं दुःख त्याला पाहवत नव्हतं, म्हणून त्याने ते न पाहायची सोय करून ठेवली होती, इतकंच.

"परवा लेकाला मीच फोन लावला," ती खिडकीशी वाकून म्हणाली. "सूनबाईनं उचलला अन्..."

उकंडरावने ॲक्सिलेटरवर पाय दिला. इंजिन मोठ्याने गुरगुरलं, पुढचं काही ऐकू आलं नाही.

"गरम होऊन राहिली अक्का. निघतो मी."

"व्हय व्हय, जा," ती घाईने मागे सरली. "माझं काय, चालतंच राहतं."

त्याने रिकामा पेला तिच्या हातात दिला, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. नवी प्लेट लवकर पकडायची, पाय मात्र अजून जुन्याच प्लेटच्या सवयीचा. व्हॅनने गचका दिला, मागे पातेल्यांचा ढीग कोसळला आणि इंजिन बंद पडलं.

"अगं माय!" निर्मलाबाईने पेला ओट्यावर ठेवला. गल्लीतली माणसं कापूस वेचायला गेलेली. तिने शेजारच्या दाराकडे हाक दिली, "शिला, ये गं लवकर! भावाची गाडी ढकलायची हाय!"

"राहू दे अक्का, मी बघतो काय ते."

"तू काय बघतोस? तू आत बस. दुसऱ्या गिअरमधी टाक, क्लच दाबून धर, मी म्हणलं की सोड." जन्मात तिने कधी गाडी चालवली नव्हती. पण भावाच्या गाडीची दुखणी तिला तोंडपाठ होती.

शिला भिजल्या हातांनी धावत आली. निर्मलाबाईने पदर खोचला आणि दोघी मागे गेल्या.

उकंडराव किल्ली धरून बसला. ढकलू द्यावं, गाडी चालू होईल, निघून जाऊ. कुणाला कळणार नाही. आरशात त्याला अक्का दिसत होती, दोन्ही हात गाडीला लावून, मान खाली घालून जोर करणारी. भांड्यांनी भरलेली व्हॅन जेमतेम वीतभर हलली. अक्काची चप्पल घसरली आणि ती दुखऱ्या गुडघ्यावर पडली. शिलाने तिला उठवलं. उठली तशी तिने पुन्हा हात गाडीला लावले.

त्याच्याने राहवलं नाही. त्याने किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन चालू झालं.

"लागली!" शिला हसली. "अक्का, तुमच्या हाताला गुण हाय बघा."

निर्मलाबाई लंगडत खिडकीशी आली. तिचा चेहरा फुलला होता. "आपली आपण लागली? बंद कर अन् पुन्हा चालू कर बरं."

त्याने बंद केली, पुन्हा किल्ली फिरवली. गाडी शहाण्यासारखी चालू झाली.

"आता बराबर झाली की रे! मंग काहून बसलास? उतर, गरम भाकर टाकते. कवा केली दुरुस्त?"

काल, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती वाकून गुडघ्याची माती झटकत होती, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"दसऱ्याला," तो म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं आणि दार उघडलं.

शिला हात पुसत आपल्या घरात गेली. निर्मलाबाई गुडघ्यावर हात ठेवून तशीच वाकलेली राहिली.

"म्हंजी भाऊबीजेला मी तुला खिडकीतून ओवाळलं," ती म्हणाली, "तवा बी बराबर होती."