जेलीचा पहिला कप

मुलाच्या बढतीची पार्टी संध्याकाळी, आणि सूनबाईनं सकाळीच माझी पिशवी भरून दारात ठेवली. "आई, ताईंकडे राहून या. इथं गोंगाट होईल."

फ्रीज उघडला तर इवल्या कपांत लाल जेली. "पोरांसाठी केलीय," म्हणाली. दारूचा वास मला कळत नाही होय? आम्ही कोळी. आमच्या लग्नाच्या हळदीत दारूचा पहिला थेंब घरातल्या गेलेल्या माणसांना, मग आपल्याला.

आता मी घर डोक्यावर घेणार म्हणून ती भिंतीला टेकली. मी एक कप ह्यांच्या हार घातलेल्या फोटोपुढे ठेवला, दुसरा तोंडात टाकला.

"हाताला चव आहे गं तुझ्या, अक्कल तेवढी यायचीय. ती पिशवी आत ने."