बंद झालेली गाडी

"बाबा, थेट गाडी आहे की," सून म्हणाली. "संध्याकाळी बसायचं, सकाळी उतरायचं. मध्ये बदलायची भानगडच नाही."

सासरे जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पाण्याचा पंप खोलून बसले होते. रविवारी या घरात एक तरी पंप येतोच, पाहुण्यासारखा. त्यांनी मान वर केली नाही.

"ती बंद झाली."

"नाही हो. इथे दिसतेय ना. रोज आहे."

"त्यात जुनंच दाखवतात. तू जंक्शनला बदलायची ती काढ. नेहमीची."

सासऱ्यांच्या पुतणीचं लग्न होतं, त्यांना आणि सासूबाईंना जायचं होतं. सून घरात नवी होती. शिवाय दिवसभर ऑफिसात आकडे जुळवणाऱ्या बाईला चूक दिसली की गप्प बसवत नाही. तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"नेहमीची बघा. मध्यरात्री उतरायचं, पूल चढून पलीकडे जायचं, थंडीत बसून राहायचं. आईंचा गुडघा तरी बघा. आणि ही थेट गाडी आज सकाळी पोचली, पाऊण तास उशिरा. बंद गाडीला उशीर कसा होईल, बाबा?"

खिडकीपाशी सासूबाई शिंप्याकडून आलेल्या शर्टांना काजं करत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कुठून कुठून जाते गं ती? वाच बघू."

सुनेने एकेक स्टेशन वाचलं. "इथे वीस मिनिटं थांबते, इंजिन बदलतं," असं म्हणून तिने एक नाव घेतलं, तसा सासऱ्यांच्या हातातला पाना पंपावर खणकन वाजला. सुनेने जीभ चावली. त्या गावात तिची नणंद राहत होती. तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, तेव्हापासून ते नाव या घरात घ्यायचं नाही, हे नवऱ्याने आधीच बजावलं होतं.

"बंद झाली म्हणालात," सासूबाई म्हणाल्या.

"झाली होती. मध्यंतरी."

"पूर आला, रूळ वाहून गेले, म्हणालात. परत कधी सुरू होणार विचारलं, तर म्हणालात, असल्या गाड्या परत सुरू होत नसतात. केवढं तोंड वाईट केलं होतंत तेव्हा. मलाच तुमची कीव आली."

"अगं, त्या गाडीत पाणी नसतं. उंदीर फिरतात. डबे बघ जाऊन एकदा..."

"मी डब्यांचं विचारत नाहीये."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर सुनेला जरा बरं वाटलं असतं.

"मागे आपण निघालो, तेव्हा पोरीने फोन केला होता. म्हणाली, आई, गाडी इथे वीस मिनिटं थांबते, मी फलाटावर येते, नुसतं बघून जाईन, बाबांसमोर येणारसुद्धा नाही. आणि मी तिला काय सांगितलं? ती गाडी बंद झाली गं. जिच्या घरात रोज त्या गाडीची शिट्टी ऐकू येत असेल, तिला सांगितलं मी. ती 'बरं' म्हणाली. तेवढंच. मग तिचे फोन यायचे बंद झाले. मी आपली समजूत घालतेय, संसारात रमली असेल."

सासरे एक नट पिळत राहिले. तो केव्हाच घट्ट झाला होता.

"खोटं तुम्ही बोललात," सासूबाई म्हणाल्या, "आणि लेकीच्या नजरेत खोटारडी मी झाले."

"मग काय करायचं होतं मी?" आता ते उसळले. "तिथे उतरून हारतुरे घ्यायचे? जाताना तिने विचारलं होतं मला? चार लोकांत मान खाली घालून फिरलोय मी."

"पुतणीच्या मांडवात चांगली ताठ असेल ना मान? नवा कोट शिवलाय त्यासाठी. आणि उतरा म्हणतंय कोण तुम्हाला? पांघरूण घ्या डोक्यावरून. तेवढं छान जमतं."

सुनेला उठून आत जावंसं वाटलं. तेवढ्यात सासूबाई तिच्याकडे वळल्या.

"माझं एक तिकीट या गाडीचं काढ. यांचं नेहमीच्या गाडीचं. चढू दे पूल."

"एकटी जाणार?" सासरे म्हणाले. "रात्रभर?"

"बंद गाडीला गर्दी नसेल."

सुनेने मान खाली घालून तिकीट काढायला घेतलं. हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. "खालचा बर्थ मिळतोय, आई."

"कुठलाही घे. मी झोपणार नाहीये, दारात उभी राहणार आहे. आणि तिला आत्ताच्या आत्ता फोन लाव, मी बोलते. थांब, आधी मला सांग, तिथे फलाट कुठल्या बाजूला येतो? ती एका दाराशी आणि मी दुसऱ्या, असं नको व्हायला."

सुनेने खालीवर बरंच शोधलं. "ते यात दाखवत नाहीत, आई."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"डावीकडे," सासरे म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. ते पंपाशी बोलत असल्यासारखे बोलत होते.

"जाताना डावीकडे येतो. येताना उजवीकडे."

सासूबाईंनी मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला.

"किती वेळा गेलात?"

ते खाली वाकले आणि टेबलाखाली, न पडलेला वायसर शोधू लागले.