अनोळखी धून

सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फहमिदा शेखने हात वर केला. अमृताने समोरच्या कागदावर फुली मारली. हात दोन मिनिटे लवकर वर आला होता.

चाचणी साधी होती. फहमिदा भिंतीकडे तोंड करून बसली होती. पाठीमागच्या स्पीकरमधून आयर्लंडची एक पारंपरिक धून वाजत होती. संथ, सैल, वाजवणाऱ्यांना कुठेच जायचे नसावे अशी. फिडल, म्हणजे तिकडचे व्हायोलिन, आणि गिटार. दोनच वाद्ये. श्रवणतज्ज्ञ असलेल्या अमृताने सकाळीच त्या धुनेत सहाव्या मिनिटाला फिडलचा आवाज दहा सेकंद काढून टाकला होता. फिडल थांबली की फहमिदाने हात वर करायचा. ज्याला हे कळते त्याला एकाच वेळचे दोन आवाज वेगळे ऐकू येतात. चाळीस मुलांच्या वर्गात उभे राहायला तेवढे लागते.

फहमिदा एका उर्दू माध्यमाच्या शाळेत एकोणीस वर्षे मराठी शिकवत होती. दोन वर्षांपूर्वी मेंदूज्वरात तिचे दोन्ही कान गेले. शाळेने तिला ग्रंथालयात बसवले. आठ महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया करून उजव्या कानात यंत्र बसवले गेले. आता मंगळवारपर्यंत तिला वर्गात नीट ऐकू येईल असे अमृताचे प्रमाणपत्र शाळेला दिले नाही, तर मराठीच्या जागेवर दुसरी शिक्षिका येणार होती.

प्रमाणपत्र एकदा हातात येता येता राहिले होते. यंत्र सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात फहमिदाने घरी लावलेली बारा जुनी गाणी एकामागून एक ओळखली. तिचा नवरा शौकत याचे गुलमंडीत कापडाचे दुकान आहे. त्याने शेजारच्या सगळ्या दुकानांत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी अमृताने त्यातलेच एक गाणे लावले आणि पहिल्या ओळीनंतर आवाज बंद केला. फहमिदा गुडघ्यावर ताल देत राहिली. तिचे ओठ दुसऱ्या कडव्यापर्यंत हलत होते. शौकत जमिनीकडे पाहत बसला.

"आपा, तुम्ही ऐकत नाही," अमृता तिला म्हणाली. "आठवताय."

त्या दिवसापासून ओळखीची गाणी बंद झाली. ज्याची घरात कुणालाच आठवण नाही असे संगीत हवे होते. अमृताने आयरिश फिडल आणि गिटारच्या धुना निवडल्या. रोज दुपारी चारला वीस मिनिटे, आठवडाभर एक धून, मग दुसरी. धून कशी ऐकू येते असे विचारल्यावर पहिल्या आठवड्यात फहमिदाने सांगितले, वरच्या मजल्यावर कुणीतरी गादी झोडपतेय आणि कुकरची शिट्टी थांबत नाही. शौकत दुकान भावावर सोडून तिच्याबरोबर बसायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याने अमृताला विचारले, इसमें बोल कब आते? बोल नसतातच, असे कळल्यावर फहमिदा म्हणाली, बरे झाले, पाठ करायला काही नाही. दहाव्या आठवड्यात तिने शिट्टीला चढउतार असल्याचे कळवले.

सोमवारची धून तिने आधी कधीच ऐकलेली नव्हती. अमृताने ती मुद्दाम राखून ठेवली होती.

फुली मारून अमृताने धून थांबवली. फहमिदा वळून बसली. समोरच्याचे ओठ दिसले की तिला बोलणे नीट कळायचे. अमृताने शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले की तिथे फिडल थांबत नाही. कुणी नाव घेतले नाही, तरी तिघांनाही ते मध्येच बंद केलेले गाणे आठवले असावे. बाजूला बसलेला शौकत घाईने म्हणाला, हात वर केला नव्हता, ओढणी सावरत होती ती.

"ओढणी नाय," फहमिदा म्हणाली. "थांबली होती. गिटार एकटंच वाजत होतं."

अमृताने सांगितले की ही धून आपण स्वतः सकाळपासून चार वेळा ऐकली आहे.

"मग पाचव्यांदा ऐका," फहमिदा म्हणाली. आवाज वर्गातला होता.

अमृताने धून मागे नेली. काही सापडले नाही. तिने हेडफोन लावले, डोळे मिटले आणि पुन्हा ऐकले. चौथ्या मिनिटाला फिडल वाजवणाऱ्याने गज तारांवरून उचलला होता. पुरता एक सेकंदही नाही. तेवढ्यात गिटार एकटी पुढे गेली आणि फिडलने येऊन तिला गाठले. अमृताने ती जागा तिसऱ्यांदा ऐकली. मग हेडफोन काढून शौकतच्या कानांना लावले. त्याला काहीच वेगळे ऐकू आले नाही. तसे त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

फहमिदा पुन्हा भिंतीकडे वळली. उरलेली धून वाजली. सहाव्या मिनिटाला तिने वेळेवर हात वर केला. कागदावरच्या फुलीसमोर अमृताने "चूक माझी" असे लिहिले आणि खाली सही केली.

प्रमाणपत्र मंगळवारी सकाळी दहाला शाळेत पोचले. बुधवारी दुपारपर्यंत शाळेचे उत्तर आलेले नव्हते. फहमिदाने ग्रंथालयाच्या किल्ल्या मात्र सकाळीच परत करून टाकल्या होत्या.