इंजिनावरची पाटी

दूरच्या प्रवासांसाठी घडवलेल्या त्या दोन दारांच्या आलिशान गाडीचं लांबलचक बॉनेट उघडलं, आणि आतलं बारा सिलिंडरांचं इंजिन पाहून गाडीचे नवे मालक हरखले. कारखान्याची रीत अशी, की एक इंजिन आरंभापासून अखेरपर्यंत एकाच मिस्त्रीनं जुळवायचं आणि शेवटी त्याच्या नावाची बोटभर पाटी त्यावर बसवायची.

“काय मिस्त्री, आजपासून तुमचं नाव ताशी तीनशेनं पळणार!” शेजारी उभ्या मिस्त्रीला कारखान्यातल्या सोबत्यांनी कोपरखळी मारली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबलेल्या मिस्त्रीची ही पहिलीच पाटी होती.

मालक वाकून ती वाचू लागले. नावापर्यंत उजळलेला त्यांचा चेहरा आडनावाशी येऊन विझला. त्यांनी मॅनेजरला बाजूला घेतलं.

“अहो, हे बॉनेट चार माणसांत उघडावं लागतं. तेवढी पाटी काढून द्या.”

मॅनेजरनं नजर न उचलता मिस्त्रीच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर दिला. “तुम्हीच काढा. दुसऱ्याच्या हातून ओरखडा उठायचा.”

मिस्त्रीनं दोन स्क्रू सोडवले. नुकत्याच झालेल्या चाचणीची ऊब पाटीत अजून होती. ती त्यानं मुठीत मिटली. इंजिनावर खरोखरच ओरखडा उठला नाही.

मालक प्रसन्न हसले. जाता जाता मॅनेजरला बजावून म्हणाले, “आणि हे बघा, सर्व्हिसिंगला मात्र याच माणसाचा हात लागला पाहिजे हं. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.”