शेजारची सीट

खाजामियाँनी सीताफळाचं रिकामं क्रेट जीपच्या दाराशी पालथं घातलं आणि आधी स्वतः त्यावर उभं राहून पाहिलं. क्रेट कुरकुरलं, पण दबलं नाही. मग त्यांनी घराकडं तोंड करून हाक मारली, "तौसीफची अम्मी, या. पायरी केली."

अजमतबी टोपली घेऊन बाहेर आल्या. टोपलीत डोळे उघडलेली, पिकलेली सीताफळं होती. हंगामाचं पहिलं फळ धर्मापुरीला लेकीकडं, जिनतकडं, नवरा-बायकोनं मिळून न्यायचं असा या घराचा रिवाज. व्यापाराचा माल क्रेटमध्ये भरला जाई. ही टोपली मात्र अजमतबींच्या मांडीवर. पिकलं सीताफळ धक्क्यानं फुटतं, आणि बायकोच्या मांडीएवढं भरवशाचं क्रेट नांदूरघाट गावात मिळत नाही, असं खाजामियाँ म्हणत. अजमतबींना हे बोलणं कधीच आवडलं नाही. टोपली मात्र त्यांनी दर साली मांडीवरच नेली.

डोंगरातल्या बागांपर्यंत जाता यावं म्हणून पावसाळ्याआधी तौसीफनं जीप उंच करून घेतली होती. टायर घातले तेही ट्रॅक्टरला शोभतील असे. जीप दगडगोट्यांवरून चढू लागली, यात वाद नाही. पण अम्मीचे गुडघे काही उंच झाले नाहीत. त्या बाजाराला रिक्षानं जाऊ लागल्या, दर्ग्याला शेजारणीबरोबर. खाजामियाँ एकटेच जीप हाकायचे. शेजारून "हळू, हळू" नाही, गिअर टाकताना कोपर कुणाला लागत नाही. बायको घरातच असावी आणि तरी तिची इतकी आठवण यावी, हे कुणाला सांगणार? या वयात सांगितलं असतं तर लोक हसले असते.

"ही काय जीप हाय का माडी?" क्रेटवर पाय ठेवत अजमतबी म्हणाल्या. पण चढल्या. खाजामियाँनी टोपली त्यांच्या मांडीवर दिली, क्रेट मागं टाकलं आणि स्टिअरिंगवर बसल्यावर उगाचच आरशात दाढी पाहून घेतली.

गाव सुटल्याबरोबर अजमतबींनी बजावलं की काटा चाळीसच्या पुढं गेलेला चालणार नाही. खाजामियाँनी शब्द दिला आणि पाळलाही. चूक झाली ती तिथंच. मेकॅनिक फराजनं त्यांना किती वेळा सांगितलं होतं की मोठं टायर एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं आणि काट्याला ते कळत नाही. काटा चाळीस दाखवतो तेव्हा जीप त्याहून जोरात पळत असते. उंच गाडी वळणावर झुकते, थांबायलाही वेळ घेते, तेव्हा ब्रेक लांबूनच धरायचा. एकटे असताना खाजामियाँना हे सगळं पाठ असे. आज शेजारची सीट भरली होती. अजमतबी जिनतबद्दल, तिच्या सासूबद्दल, बिघडलेल्या मिक्सरबद्दल बोलत होत्या, आणि खाजामियाँना त्यातला एकही शब्द सांडू द्यायचा नव्हता.

उताराच्या वळणावर मेंढरं आडवी आली. खाजामियाँनी नेहमीच्या अंदाजानं ब्रेक दाबला, पण जीप नेहमीच्या जागी थांबेना. त्यांनी स्टिअरिंग डावीकडं ओढलं तशी ती उजव्या अंगावर अशी कलली की अजमतबींच्या बाजूची चाकं हलकी झाली. अजमतबी टोपलीसकट त्यांच्या अंगावर आल्या. मग जीप डुलत डुलत सरळ झाली आणि रस्त्याच्या कडेला थांबली.

मेंढरं वाचली होती. आश्रुबा धनगरानं दोनदा मोजून खात्री केली. अजमतबीही ठीक होत्या. दोन-तीन सीताफळं फुटली होती, त्यांचा गर सीटवर आणि खाजामियाँच्या बाहीवर पसरला होता. अजमतबींनी मागच्या क्रेटकडं बोट दाखवलं. खाजामियाँनी ते दाराशी ठेवलं. त्या उतरल्या, टोपली उचलली.

आता वीसच्या पुढं नेत नाही, खाजामियाँ म्हणाले. म्हणाल तर पायी चालल्यासारखी नेतो.

"मी फाट्यावरनं एसटीनं जाते," अजमतबी म्हणाल्या. "तुमी या तुमच्या माडीवरनं, मागनं."

आणि त्या चालू लागल्या. खाजामियाँ जीपमध्ये चढले आणि पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागं निघाले. एवढ्या उंचावरून त्यांना बायकोचा फक्त डोक्यावरचा पदर दिसत होता. जीप थोडी जवळ गेली की तोही बॉनेटखाली जाई. शेजारच्या सीटवर गराला माश्या लागल्या होत्या. पुढं एसटी, मागं जीप. धर्मापुरीपर्यंत आता असंच जायचं, आणि पुढच्या सालीही असंच.

त्यांनी जीप कडेला घेतली, तौसीफला फोन लावून ती न्यायला सांगितलं, आणि मेंढरांमागं आलेल्या आश्रुबाकडं किल्ली देऊन विचारलं की तौसीफ येईपर्यंत इकडं लक्ष ठेवशील का.

"जावा मियाँ," आश्रुबा म्हणाला. "मी हाय इथं दिस मावळेस्तोवर. जीपीला काय चारा लागत न्हाई."

खाजामियाँ धापा टाकत अजमतबींपाशी पोचले आणि त्यांनी टोपलीचा एक कान धरला. अजमतबींनी वळून पाहिलं नाही. दुसरा कान सोडलाही नाही. पण खाजामियाँ उंच. टोपली अजमतबींकडं कलली आणि सीताफळं घरंगळत त्यांच्या बाजूला गेली.

खाजामियाँनी खांदा खाली घेतला, गुडघे जरा वाकवले. टोपली सरळ झाली. फाट्यापर्यंत ते तसेच वाकून चालत राहिले.