उजवी मांडी

आमच्या सामोआत कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदून घेताना जो अर्ध्यातून पळतो, त्याला जन्मभर तोंड लपवावं लागतं. मी डावी मांडी झाल्यावर पळालो. आता पर्यटकांसाठी उभारलेल्या गावात नाचतो आणि उजवी मांडी रोज सकाळी मार्करने रंगवतो. आज पहिल्याच रांगेत नातवंडांना घेऊन तुइलागी काका बसले होते. मला गोंदणारे तेच! अख्खा नाच मी डावी बाजू पुढे करूनच नाचलो. तरी संपल्यावर काका थेट आले आणि वाकून बघू लागले.

"डावी माझी. उजवी कुणाची रे, सेफो?"

"मार्करची, काका. हळू बोला, पाया पडतो."

काकांनी मागे वळून पाहिलं, स्वतःच्या लुंगीची कड बोटभर उचलली आणि माझ्या कानाशी आले.

"कुठल्या कंपनीचा? माझा एका आंघोळीत जातो."