जावयाची जोडी

दिंडोरीला धोंड्याचं जेवण झालं आणि जावई तुषारनं सासऱ्यापुढं, कारभाऱ्यांपुढं, पाच फासे टाकले. पत्त्यांसारखी जोडी, तिकडी, चौकडी लावायची. नको असलेले फासे एकदाच परत टाकायचे. हरेल त्यानं भांडी घासायची.

तुषारला दोन वेळा टाकून कशीबशी एक जोडी लागली. कारभाऱ्यांना पहिल्याच फेकीत चार छक्के! जावयाच्या हातात खरकटं? सासू साळूबाईनं नवऱ्याकडं डोळे वटारले. ते परत टाकायला छक्के उचलायला लागले, तोच वेदिकानं बापाचा हात धरला.

"अण्णा, राहू द्या ते."

"अगं, पाव्हणे हायेत ते!" साळूबाई कुजबुजली.

"तुझे पाव्हणे. माझा नवरा हाये. दिवाळीला त्यांच्या घरची सगळी ताटं मीच घासली."

तुषार हसत उठला, बाह्या सारून मोरीत बसला. साळूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात कारभारीही पाट ओढून जावयाशेजारी भांडी विसळायला बसले.

"अहो, तुम्ही कुठं? तीस वर्षांत साधी वाटी विसळली नाय!"

"तुझ्या बापानं मला एकदा तरी हरू दिलं का?"